वाचकांचे प्रश्न : थायलंड, लायबेरिया आणि अमेरिकेची दारे

प्रश्न : पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी अमेरिकेतील स्थलांतरितांवर निबंध लिहीत आहे. मिनेसोटा राज्यातील परदेशात जन्मलेल्या रहिवाशांचा जन्मदेशानुसार तक्ता पाहताना थायलंड आणि लायबेरिया ही दोन्ही नावे वरच्या देशांत आढळली. थायलंड मध्यम उत्पन्नाचा देश आहे आणि लायबेरिया जगातील अतिगरीब देशांपैकी एक आहे. तेव्हा तेथील थाई समाज सुस्थितीत आणि लायबेरियन समाज हलाखीत असणार, असे मी गृहीत धरले होते. परंतु त्याच राज्यातील ‘थायलंडमध्ये जन्मलेले’ बहुसंख्य लोक निर्वासित असल्याचे पुढे वाचले आणि गोंधळ उडाला. या दोन समाजांच्या आर्थिक-सामाजिक स्थितीतील फरकाची खरी कारणे कोणती?
— समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमचा गोंधळ योग्य जागी उडाला आहे, म्हणून आधी तो तक्ताच पाहू. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या ज्या प्रश्नावरून असे तक्ते तयार होतात, तो जन्म कोणत्या देशात झाला एवढेच विचारतो. मिनेसोटात ‘थायलंड’ असे उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेक जण थाई नसून हमोंग आहेत, आणि त्यांच्या जोडीला ब्रह्मदेशातून पळालेले कॅरेन आहेत. लाओसमधील युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या हमोंग कुटुंबांना १९७५ नंतर मेकाँग नदी ओलांडून थायलंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. बान विनाईसारख्या छावण्यांत त्यांची मुले जन्मली, आणि छावण्या बंद झाल्यावर हजारो लोक वाट थाम क्राबोक या मठाच्या आवारात राहिले. तेथील सुमारे पंधरा हजार हमोंगांना २००४ पासून अमेरिकेने स्वीकारले, आणि त्यांतील पुष्कळ जण सेंट पॉल शहरात आपल्या नातलगांजवळ गेले. या मुलांना थायलंडने नागरिकत्व दिलेले नव्हते. ज्या देशाने त्यांना कधी आपले म्हटले नाही, त्याच देशाच्या नावाने ती अमेरिकेच्या तक्त्यात मोजली जातात. म्हणून मिनेसोटातील ‘थायलंड’ या ओळीची लायबेरियाशी तुलना करणे म्हणजे निर्वासितांची निर्वासितांशी तुलना करणे होय, आणि त्या तुलनेतून थाई समाजाबद्दल काहीच कळणार नाही. थाई लोक पाहायचे असतील तर तक्त्यात जन्मदेशाऐवजी वांशिक मूळ घ्यावे आणि नजर लॉस एंजेलिसकडे वळवावी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्थलांतरितांची स्थिती मायदेशाच्या श्रीमंतीवरून ठरते हे तुमचे गृहीतक वरवर पटण्याजोगे आहे, पण माझ्या मते ते अपुरे आहे. कोणता समाज कोणत्या दाराने आत आला, म्हणजे विद्यार्थी म्हणून, डॉक्टर म्हणून, नागरिकाची पत्नी म्हणून, निर्वासित म्हणून की ‘तूर्त राहा’ एवढ्याच परवानगीवर, यावर त्याची पहिली नोकरी, पहिले कर्ज आणि पहिले घर अवलंबून असते. मायदेशाच्या दरडोई उत्पन्नापेक्षा ही गोष्ट अधिक निर्णायक ठरते.

गंमत अशी की दोन्ही देशांतील पहिले लोक एकाच दाराने आले होते. थायलंडचे राजे भूमिबोल यांचा जन्म १९२७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला झाला, कारण त्यांचे वडील तेव्हा हार्वर्डमध्ये वैद्यक शिकत होते. लायबेरियाच्या पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या एलेन जॉन्सन सरलीफ यांनीही हार्वर्डचीच पदवी १९७१ मध्ये घेतली. अमेरिकेतून परत पाठवलेल्या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीतून लायबेरिया उभा राहिला आणि १८४७ मध्ये स्वतंत्र झाला. तेथील सत्ताधारी अमेरिको-लायबेरियन घराण्यांची मुले अमेरिकेत शिकायला जात आणि शिकून परत येत. दोन्हीकडे ही वरच्या थरातील तुरळक ये-जा होती. वाटा वेगळ्या झाल्या त्या नंतर.

थाई लोकांच्या बाबतीत दोन घटना महत्त्वाच्या आहेत. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि कुशल व्यावसायिकांना व नातलगांना दार उघडले, तेव्हा थायलंडमधील डॉक्टर आणि परिचारिका लक्षणीय संख्येने निघाल्या. याच काळात व्हिएतनाम युद्धासाठी उडोर्न, कोराट, उबोन, ताखली, ऊ-तापाओ येथे अमेरिकी हवाई दलाचे तळ होते आणि १९७६ पर्यंत ते बव्हंशी रिकामे झाले. या तळांच्या आसपास झालेल्या लग्नांतून थाई स्त्रिया सैनिकांच्या पत्नी म्हणून अमेरिकेत गेल्या. नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागत नाही. आजही थाई लोकांना मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत या मार्गाचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि अमेरिकेतील थाई समाजात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त असण्याचे हेच प्रमुख कारण आहे. अशा स्त्रीच्या घरात पहिल्या दिवसापासून एक इंग्रजी बोलणारा, पगारदार आणि कायद्याने पक्का माणूस असतो. लग्न टिकले नाही तर मात्र तिच्यापाशी स्वतःचे थोडेच उरते, आणि सरासरीच्या आकड्यात ही बाजू दिसत नाही.

लायबेरियन लोकांचे सांगायचे तर १२ एप्रिल १९८० ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवशी सॅम्युअल डो याने राष्ट्राध्यक्ष टॉलबर्ट यांची हत्या करून सत्ता बळकावली आणि अमेरिकेत शिकत असलेल्या मुलांचा परतीचा रस्ता बंद झाला. १९८९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी चार्ल्स टेलरच्या बंडखोरांनी सीमा ओलांडली. मध्ये दोन वर्षांची उसंत सोडली तर युद्ध २००३ पर्यंत चालले. घानामधील बुडुबुरामसारख्या छावण्यांत एक अख्खी पिढी वाढली. तेथून निवडले गेलेले लोक निर्वासित म्हणून अमेरिकेत आले. एकट्या २००४ या आर्थिक वर्षात असे सात हजारांहून अधिक लायबेरियन दाखल झाले. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील पार्क हिल, फिलाडेल्फियाचा नैर्ऋत्य भाग आणि मिनिआपोलिसची ब्रुकलिन पार्क व ब्रुकलिन सेंटर ही उपनगरे, अशा ठिकाणी त्यांच्या वस्त्या झाल्या.

निर्वासिताला मदत मिळते, पण ती थोड्या दिवसांची असते. पुनर्वसन संस्थेची सुरुवातीची मदत ९० दिवसांची असते; त्यात घर, मुलांची शाळा आणि मिळेल ती पहिली नोकरी एवढे उरकायचे. विमानाचे भाडेसुद्धा बिनव्याजी कर्ज असते आणि त्याचा हप्ता आल्यावर सहा महिन्यांच्या आत सुरू होतो. छावणीतून आलेल्या पाच जणांच्या कुटुंबाच्या हाती अमेरिकेचे पहिले कागद पडतात त्यांत ही पाच तिकिटांची थकबाकी असते.

तरीही निर्वासित त्यातल्या त्यात सुदैवी, कारण वर्षभराने त्याला ग्रीन कार्ड मागता येते. युद्धाच्या आधी किंवा युद्ध चालू असताना पर्यटक वा विद्यार्थी म्हणून आलेल्या लायबेरियनांची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते, आणि तुमच्या निबंधात तिला जागा मिळावी असे सुचवतो. १९९१ मध्ये अमेरिकेने त्यांना ‘तात्पुरते संरक्षण’ दिले. १९९९ मध्ये ते संपवून राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने त्यांची पाठवणी पुढे ढकलण्यात आली. २००२ मध्ये पुन्हा तात्पुरते संरक्षण, २००७ मध्ये पुन्हा पुढे ढकललेली पाठवणी, आणि त्यानंतर मुदतवाढीमागून मुदतवाढ. २०१८ च्या मार्चमध्ये ट्रम्प प्रशासनाने ही सवलत एका वर्षात बंद करण्याचे जाहीर केले आणि ती मुदत संपत आली तेव्हा, २०१९ च्या मार्चमध्ये, आणखी एक वर्ष दिले. अखेर २० डिसेंबर २०१९ रोजी, संरक्षण खर्चाच्या कायद्यात घातलेल्या एका तरतुदीने, २० नोव्हेंबर २०१४ पासून सलग अमेरिकेत राहत असलेल्या लायबेरियनांना कायमच्या वास्तव्याचा अर्ज करण्याची मुभा मिळाली. १९९१ ते २०१९ म्हणजे अठ्ठावीस वर्षे झाली.

या अठ्ठावीस वर्षांचा पैशांत हिशेब असा होतो. काम करण्याचा परवाना बहुधा वर्षा-दीड वर्षाचा. मुदत संपत आली की दर वेळी शुल्क भरून नवा अर्ज करायचा. नवे कार्ड वेळेवर हाती आले नाही तर मालकाला पाळीवरून नाव काढावे लागते, आणि ते आल्यावर जुनी पाळी तशीच मिळेल याची खात्री नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जासाठी गेलेल्या माणसाला बँक विचारणार की तुमचा राहण्याचा परवाना किती वर्षांचा. महाविद्यालयासाठी केंद्र सरकारचे अनुदान वा कर्ज या वर्गाला मिळत नाही, त्यामुळे परिचारिकेची पदवी घेण्याची इच्छा असलेली सहायिका सहायिकाच राहते. सगळे लायबेरियन या अवस्थेत होते असे नाही. पण ज्या घरात एक जण निर्वासित म्हणून पक्का, दुसरा तात्पुरता आणि मुले जन्माने नागरिक, अशा घराचे निर्णय सर्वांत कच्चा कागद कोणाचा यावरून होतात.

प्रश्न : लायबेरियाची राजभाषा इंग्रजी आहे. थाई लोकांना मात्र इंग्रजी नव्याने शिकावी लागते. मग भाषेचा हा मोठा फायदा लायबेरियनांच्या मिळकतीत का दिसत नाही?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : तो फायदा दिसतो, पण तो नोकरी लवकर मिळण्यात दिसतो; नोकरी चांगली मिळण्यात दिसत नाही. त्यातही घरोघरी बोलली जाणारी लायबेरियन इंग्रजी, जिला ते कोलोक्वा म्हणतात, ती अमेरिकी शिक्षकाच्या वा डॉक्टरच्या कानाला सहज उमगत नाही, आणि बोलणाऱ्याला इंग्रजी येत नाही असा तिच्यावरून समज होतो.

नर्सिंग असिस्टंटचे उदाहरण घ्या. वृद्धांच्या शुश्रूषागृहात रुग्णाला कूस बदलून देणे, आंघोळ घालणे, भरवणे, रक्तदाब लिहून ठेवणे ही कामे करणाऱ्या सहायकासाठी केंद्रीय नियमाने किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आणि एक परीक्षा पुरते. ज्याला इंग्रजी येते, पण ज्याच्या शाळेची कागदपत्रे लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात, जळाली, त्याच्यासाठी हे सर्वांत जवळचे दार आहे. म्हणून मिनिआपोलिसच्या उपनगरांतील शुश्रूषागृहांत रात्रपाळीला लायबेरियन स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने दिसतात, आणि एक पाळी संपवून दुसऱ्या ठिकाणी दुसरी पाळी धरणारेही त्यांत असतात. अडचण पुढच्या पायरीची आहे. सहायकापासून नोंदणीकृत परिचारिकेपर्यंतचा रस्ता काही वर्षांचा आणि खर्चाचा आहे, तर थाई परिचारिका १९७० च्या आसपास आली ती पदवी हातात घेऊनच. म्हणजे एकाच रुग्णालयात दोघी कामाला असल्या तरी शिडीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर असत. २०२० च्या वसंतात कोरोनाने ज्या शुश्रूषागृहांत सर्वाधिक बळी घेतले, त्या इमारतींत हे लोक रोज जात होते. आणि पाठवणी पुढे ढकलणाऱ्या आदेशाची शेवटची तारीखही त्याच वर्षीची ३० मार्च होती.

भाषा नसल्याने थाई लोक वेगळ्या रस्त्याने गेले. ज्याला इंग्रजीत मुलाखत देता येत नाही, तो स्वयंपाकघरात काम धरतो आणि जमेल तेव्हा स्वतःचे दुकान टाकतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिसमध्ये ‘बँकॉक मार्केट’ हे दुकान निघाले, लेमनग्रास आणि नाम प्ला हा मासळीचा रस हाताशी मिळू लागला, आणि त्या आधारावर उपाहारगृहे वाढली. पुढे २००२ मध्ये थाई सरकारनेच ‘ग्लोबल थाई’ ही योजना काढून परदेशांतील थाई उपाहारगृहांना प्रोत्साहन दिले. मायदेशाचे सरकार स्थलांतरिताच्या धंद्यामागे उभे राहण्याचे असे उदाहरण विरळा. लायबेरियाच्या सरकारला याच सुमारास स्वतःच्या राजधानीत वीज देता येत नव्हती.

येथे एक कायद्यातील मौज सांगण्यासारखी आहे. व्यापार-करारातील गुंतवणूकदाराला अमेरिका एक खास व्हिसा देते. ज्या देशांशी तसा करार आहे त्यांच्या यादीत थायलंड १९६८ पासून आहे, आणि लायबेरिया त्याच्याही आधी, १९३९ पासून. कागदावर हे दार दोघांनाही सारखेच उघडे आहे. पण त्यातून जायला आधी हातात बरेच भांडवल लागते, म्हणून थाई उपाहारगृहांचे मालक त्यातून गेले आणि लायबेरियन क्वचितच.

थाई समाजाला यावरून खाऊनपिऊन सुखी समजू नये. प्रौढ थाईंपैकी सुमारे निम्म्या लोकांकडे पदवी असूनही त्यांच्या कुटुंबांचे मध्यक उत्पन्न सर्व आशियाई कुटुंबांच्या मध्यक उत्पन्नापेक्षा कमी आहे. शिवाय २ ऑगस्ट १९९५ रोजी कॅलिफोर्नियातील एल मॉन्टे येथे काटेरी तारांनी वेढलेल्या निवासी इमारतींतून ७२ थाई शिवणकामगारांची सुटका झाली. त्यांतील काही जण तेथे सात वर्षे कोंडलेले होते, आणि प्रवासाचा खर्च फेडण्याच्या नावाखाली दिवसरात्र शिवणयंत्रावर राबत होते. त्यांच्या वतीने लढणाऱ्या तरुण वकील ज्युली सू पुढे अमेरिकेच्या कार्यवाहक कामगारमंत्री झाल्या. सरकारी अर्जातील ‘आशियाई’ या एका चौकटीत हे कामगार आणि ते डॉक्टर एकत्रच मोजले जातात. ‘कृष्णवर्णीय’ या चौकटीत लायबेरियन तसेच हरवतात; तीत त्यांना घरभाड्यापासून पोलिसांपर्यंत सर्वत्र त्या चौकटीबद्दलचे पूर्वग्रहही वाट्याला येतात, जे थाई माणसाच्या वाट्याला त्या स्वरूपात येत नाहीत. मिळकतीतील फरकाचा किती भाग शिक्षणाचा आणि किती या पूर्वग्रहाचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण निबंध लिहिताना दुसरा भाग शून्य धरू नये.

प्रश्न : बँकेत पत नसलेली माणसे दुकानासाठी किंवा घराच्या पहिल्या हप्त्यासाठी पैसा कोठून उभा करतात?
— एक गृहिणी

उत्तर : भिशीतून, आणि हे दोन्ही समाजांना लागू आहे. लायबेरियन तिला ‘सुसू’ म्हणतात, थाई ‘चे’ म्हणतात. हा इंग्रजी ‘शेअर’चाच थाई उच्चार आहे. पण दोहोंचा स्वभाव निराळा आहे.

सुसूमध्ये समजा दहा सहायिका दर पंधरवड्याला, पगाराच्या दिवशी, २०० डॉलर जमवतात आणि २,००० डॉलरची रक्कम ठरलेल्या क्रमाने एकीला मिळते. व्याज नसते. कोणाच्या घरी मृत्यू झाला किंवा मायदेशी शाळेची फी भरायची असली तर क्रम सामोपचाराने बदलतात. थाई पद्धतीत बहुधा लिलाव असतो: ज्याला आधी रक्कम हवी तो जास्त व्याजाची चिठ्ठी टाकतो, आणि ज्याला घाई नाही तो शेवटपर्यंत थांबून व्याज कमावतो. म्हणजे थाई भिशी धंद्यासाठी कर्ज आणि गुंतवणूक दोन्ही असते, आणि म्हणून तिच्यात फसवणूकही मोठी होते. थायलंडमध्ये तर १९९१ मध्ये खास कायदा करून एका भिशीप्रमुखाला तीनपेक्षा जास्त भिश्या चालवण्यास मनाई करण्यात आली. सुसूतला पैसा बहुधा धंद्यात जात नाही; तो भाड्याची अनामत, जुनी मोटार, पिंपात भरून जहाजाने पाठवायचे कपडे-तांदूळ आणि मन्रोव्हियातील भाच्यांची फी यांत जातो. ज्याच्या कमाईवर मायदेशातील सात-आठ माणसे अवलंबून आहेत त्याच्याकडे भांडवल साठत नाही, मग तो दोन पाळ्या करो की तीन. पार्क हिलमध्ये स्त्रिया उघड्यावर कसावाची पाने, पाम तेल आणि सुकी मासळी मांडून बसतात तो व्यापार खराच आहे, पण त्यातून उपाहारगृहांची साखळी उभी राहत नाही.

प्रश्न : म्हातारपणी मायदेशी परतण्याचा विचार दोन्हीकडचे लोक करतात का?
— एक वाचक

उत्तर : करतात, आणि येथेही कायदा आडवा येतो. थायलंडमध्ये परकीयाला सहसा जमीन घेता येत नाही, पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या थाई व्यक्तीचे मूळ नागरिकत्व व्यवहारात टिकून राहते, त्यामुळे तिला गावाकडे घर बांधता येते. परकीयाशी लग्न केलेल्या थाई स्त्रीवर १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत बंधन होते. आता जमीन घेताना हा पैसा पत्नीचा स्वतःचा आहे असे नवरा-बायको दोघांनी लिहून द्यावे लागते, आणि पैसा बहुतेक वेळा नवऱ्याच्या निवृत्तिवेतनाचा असला तरी तो निमूटपणे सही करतो. लायबेरियात जमीन फक्त नागरिकाच्या नावावर होते, आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले की लायबेरियाचे जात असे. अमेरिकेचे पारपत्र घेऊन सुरक्षित व्हायचे की मायदेशी जमीन राखायची, यांतून एकच निवडावे लागे. २०२२ च्या जुलैमध्ये लायबेरियाने कायदा बदलून दुहेरी नागरिकत्व मान्य केले. त्याआधी ज्यांनी अमेरिकी पारपत्र घेऊन मन्रोव्हियात भावाच्या किंवा भाच्याच्या नावाने प्लॉट घेतला आणि वर्षानुवर्षे सिमेंटच्या विटांसाठी पैसे पाठवले, त्यांना आता स्वतःच्या नावाने नवा प्लॉट घेता येईल. जुन्याचे कागद मात्र भावाच्याच नावाचे आहेत.